शनिवारचं कोर्ट

"सर, जेवलात का?" असं कुणी विचारलं, की आमचे सर डबा उघडून आत बघायचे आणि म्हणायचे, "डबा रिकामा दिसतोय. कुणी रिकामा केला ते मी सांगणार नाही."

विचारणारा हसायचा. सर हसायचे नाहीत, कारण त्यांनी विनोद केलेलाच नसायचा. सगळी नोकरी सरकारी न्यायसहायक प्रयोगशाळेत झालेली. निवृत्तीनंतर ते आमच्या शिरूरच्या कॉलेजात फॉरेन्सिक सायन्स शिकवायला आले. जे दिसतं तेवढंच बोलायचं, ही सवय अंगात इतकी मुरलेली की बाहेर पाऊस पडत असला तरी म्हणायचे, "खिडकीची काच ओली आहे."

पहिल्या वर्षाच्या पोरांची ते पहिल्याच तासाला दांडी गुल करायचे. पांढऱ्या फडक्यावर लाल डाग दाखवायचे. "काय आहे?" सगळा वर्ग एका सुरात, "रक्त!" "रक्त कुणाला दिसलं? हात वर करा. मला लाल डाग दिसतोय. पान असेल, मेंदी असेल, बिटाची कोशिंबीर असेल. तपासल्याशिवाय ज्यानं रक्त म्हटलं त्यानं एका माणसाला आत टाकलं." तो डाग खरंच बिटाचा असायचा. सरांच्या घरी त्या दिवशी कोशिंबीर झालेली असायची.

मी त्या वेळी रसायनशास्त्राचा विभागप्रमुख होतो. फॉरेन्सिकचा कोर्स सुरू करायचं संस्थेनं ठरवलं, तेव्हा तो कुणालाच नको होता, म्हणून आमच्या विभागाच्या गळ्यात आला. सरही माझ्याच गळ्यात आले असं मी स्टाफरूममध्ये म्हणायचो. हे वाक्य मी बऱ्याचदा म्हटलं, आणि लोक हसले की मला बरं वाटायचं.

हसण्यासारखं होतंच म्हणा. ते दौंडहून रोज एसटीनं यायचे. कुठल्याही खोलीत शिरले की मधून न चालता भिंतीच्या कडेकडेनं चालायचे, कारण गुन्ह्याच्या जागी मधली वाट मोडायची नसते. एकदा माझ्या घरी आले तेव्हा कडेकडेनं सोफ्यापर्यंत पोचले. बायकोनं मला स्वयंपाकघरात बोलावून विचारलं, "अहो, त्यांना चक्कर येतेय का? भिंत धरून चालतायत." फोटो काढताना ते वस्तूशेजारी पट्टी ठेवायचे, म्हणजे बघणाऱ्याला आकार कळावा. ही सवय इतकी, की नातीच्या बारशाच्या फोटोतसुद्धा पाळण्यात पोरीशेजारी सेंटिमीटरची पट्टी आहे. सूनबाईंनी तो फोटो फ्रेम करून दौंडच्या घरात लावलाय. मी स्वतः बघितलाय.

प्रयोगशाळेच्या मागं त्यांनी जाळीच्या पिंजऱ्यात मेलेली कोंबडी ठेवली होती. माश्या कधी बसतात, अळ्या कधी धरतात, त्यावरून मरणाची वेळ कशी काढायची ते शिकवायला. वारा फिरला की वास थेट कॉमर्सच्या वर्गात. कॉमर्सच्या मॅडम नाकाला पदर लावून माझ्याकडे आल्या. मी सरांना म्हटलं, "अहो, तक्रार आलीय." ते म्हणाले, "आलीच पाहिजे. वास आला नसता तर कोंबडी बदलावी लागली असती."

प्रवेशाच्या दिवसांत मात्र मला घाम फुटायचा. जागा भरल्या नाहीत तर कोर्स बंद होणार होता. आणि सर टेबलापलीकडं बसलेल्या बापांना वाईट तेवढं आधी सांगायचे. यवतचे एक ढाबेवाले आले होते, पोराला घेऊन.

"सर, ह्यो कोर्स केला म्हंजी पोरगा सीआयडी व्हतो का?"

"नाही."

मी टेबलाखालून सरांच्या बुटाला बूट लावला.

"मग काय व्हतो?"

"झाला तर, सीआयडीला उत्तर देणारा होतो. टीव्हीवर दाखवतात तसं काही नसतं. वास असतो, उभं राहणं असतं, कोर्टाच्या तारखा असतात. सरकारी जाहिरात निघेल तेव्हाच निघेल."

"आन् न्हाईच निघाली तर?"

"तर बँकेत खोट्या सह्या ओळखायला माणूस लागतो. विमा कंपनीला खोटे अपघात ओळखायला लागतो. मोबाइलमधलं पुसलेलं परत काढणारे लागतात. कुरकुंभच्या कारखान्यात औषधाचा नमुना तपासायला लागतात. एवढं सगळं आहे. पण त्यातलं तुमच्या पोराला काय मिळेल ते मला दिसत नाही."

ढाबेवाल्यांनी मिशी कुरवाळली. मग पोराला म्हणाले, "घे फारम. हा मानूस खोटं बोलत न्हाई, ह्याच्याकडनं शिक." तो पोरगा आज विमा कंपनीत आहे आणि जळालेले ट्रक बघत महाराष्ट्रभर फिरतो. सरांच्या खरेपणामुळं आमचा एकही प्रवेश गेला नाही, उलट आले. हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी स्टाफरूममध्ये कधी बोललो नाही.

शनिवारी त्यांचं कोर्ट भरायचं. काचसामान ज्या लाकडी खोक्यातून यायचं तसलं एक खोकं पालथं घातलं, की तो साक्षीदाराचा पिंजरा. सर उंच स्टुलावर, न्यायाधीश. एक पोरगा किंवा पोरगी तज्ज्ञ म्हणून खोक्यावर चढायची, स्वतः केलेली तपासणी सांगायची. बाकीचे वकील. त्यांनी त्या तज्ज्ञाला फाडून खायचं. नमुना कुणी घेतला, कशात ठेवला, सील कुणी लावलं, मधल्या वेळात कुणाच्या ताब्यात होता? "तुमची परीक्षा यंत्र घेणार नाही," सर म्हणायचे. "वकील घेणार आहे." ठाऊक नसलेल्या गोष्टीला जो सरळ "माहीत नाही" म्हणेल त्याला ते सगळ्यात जास्त गुण द्यायचे. वर्षातून एकदा स्वतः खोक्यावर चढायचे आणि पोरांकडून स्वतःला फाडून घ्यायचे. पोरं त्या दिवशी डबे लवकर संपवून यायची.

कवठे येमाईची ऋतुजा या कोर्टातली सगळ्यात चिवट वकील. आता ती सरकारी प्रयोगशाळेत आहे. तिचं पुढचं मी आधीच सांगून टाकतो, कारण नंतर मला दुसरंच सांगायचंय. नवा कायदा आला आणि मोठ्या गुन्ह्यात फॉरेन्सिकच्या माणसानं जागेवर जाणं सक्तीचं झालं. त्या भरतीत ती लागली. अलीकडेच एका खटल्यात तिची साक्ष झाली, आणि आरोपीच्या नावाजलेल्या वकिलानं तिला दिवसभर उभं करूनही तिचं एक वाक्य हललं नाही. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होतो. निघताना ती वकिलाला "थँक्यू सर" म्हणाली, तेव्हा तो माणूस खरंच उठून उभा राहिला. ती दुसऱ्या वर्षाला असताना मी जे केलं, त्यानंतर हे बघायला मिळावं इतकी माझी लायकी नव्हती. आता ते सांगतो.

ऋतुजाच्या वडिलांना गावात आबा म्हणतात. त्यांचा धाकटा भाऊ म्हणजे ऋतुजाचे नाना. दोघांच्या चाळी शेजारी शेजारी. कांद्याची चाळ म्हणजे जमिनीपासून उचललेला लाकडी सांगाडा. आत कांदा भरायचा, खालून आणि बाजूनं वारा खेळला पाहिजे. त्या वर्षी भाव चढत होता. आबांनी कांदा राखून ठेवला आणि तो चाळीतच सडला. नानांचा मात्र टणक राहिला. आमच्या भागात असं झालं की सगळ्यांच्या तोंडी एकच येतं, कुणीतरी चाळीत युरिया मारला. युरियानं कांद्याला पाणी सुटतं, असं वैर काढल्याच्या गोष्टी प्रत्येक गावात आहेत. आणि बांधावरून दोघा भावांचं आधीच बिनसलेलं होतं.

आबा एक गोणी पाठीवर टाकून थेट आमच्या प्रयोगशाळेत आले. गोणीतून काळं पाणी ठिबकत होतं. ऋतुजा त्या दिवशी गावीच होती, आईला सावरत. सर दौंडला, रजेवर.

"प्रोफेसर, एवढं बघा. माज्या भावानं माजा संसार कुजवला का न्हाई, तेवढं सांगा."

पोरं भोवती जमली होती. मला जोर आला. दुधात युरियाची भेसळ पकडायला जे रसायन वापरतात ते मी काढलं, सडक्या कांद्याचं पाणी गाळून नळीत घेतलं, रसायन घातलं. लख्ख पिवळा रंग. पोरं "ओहो" म्हणाली. मी नळी उजेडात धरली आणि म्हणालो, "युरियाच आहे. शंकाच नको."

आबांचे डोळे भरून आले. माझा हात दोन्ही हातांत धरून ते निघून गेले, गोणी तिथंच राहिली. दुसऱ्या दिवशी तक्रार झाली. नानांना ठाण्यात नेऊन दिवसभर बाकावर बसवलं. पोलिसांनी चाळीतून आपला नमुना घेऊन सरकारी प्रयोगशाळेत पाठवला, त्याचा अहवाल महिनोन्‌महिने येणार नव्हता. तोवर नानांच्या थोरलीची जमत आलेली सोयरीक मोडली. "कांदं कुजवणाऱ्याच्या घरची पोरगी नको," असा निरोप आला. ऋतुजा आणि ती थोरली, दोघी एका ताटात जेवून वाढलेल्या. त्यांचं बोलणं बंद झालं.

ऋतुजा कॉलेजात आली ती सरळ सरांकडं गेली. मी तिथंच होतो. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "साहेब, चांगल्या कांद्याचा नमुना तपासलात का शेजारी?"

"नाही."

"आणि हा आणला कशात होता?"

"गोणीत."

"कसल्या?"

"बघितलं नाही," मी म्हणालो.

ऋतुजा आणि सर नव्या काचेच्या बरण्या घेऊन कवठ्याला गेले. चाळीच्या वरून, मधून, खालून, सडलेल्यातून आणि शाबूत कांद्यातून नमुने घेतले, जमिनीची माती घेतली. आबा दारात उभे राहून ओरडत होते, "आता काय बघायचं ऱ्हायलंय? तुमच्याच सायबानं सांगितलंय की!" बरण्या सील करून आणल्या. तपासणी ऋतुजानं केली, सर लांब खिडकीपाशी उभे. एकही नळी पिवळी झाली नाही. मुद्दाम युरिया घातलेली नळी तेवढी झाली, म्हणजे रसायन ठीक होतं.

"मग आधीची कशी झाली?" ती म्हणाली.

सर प्रयोगशाळेच्या दारात गेले. आमच्या शिपायानं तिथं पायपुसणं टाकलं होतं, आबांचीच गोणी उसवून पसरलेली. सर त्याच्यावर उभे होते. त्यांनी पाय बाजूला घेतला. चिखलाखाली मोठ्या अक्षरांत युरिया छापलेलं दिसलं. शेतकऱ्याच्या घरात काय गोणीत नसतं? धान्य, शेंगा, पोरांची पुस्तकं, सगळं खताच्या रिकाम्या गोणीत. शिवणीत अडकलेला युरिया कांद्याच्या पाण्यात उतरला होता. आणि आम्ही सगळ्यांनी इतके दिवस त्या पुराव्यावर पाय पुसले होते.

"आता ही तपासून उपयोग नाही," सर म्हणाले. "साऱ्या शिरूरची माती हिच्यावर आहे. गोणी कसली होती ते सांगणारा माणूस लागेल."

ते माझ्याकडं न बघता बोलले. मी नळ सोडून हात धूत राहिलो.

त्या शनिवारच्या कोर्टाला त्यांनी फळ्यावर लिहिलं, "कांदा." ऋतुजानं आबांना आणलं. नानांना सरांनी स्वतः फोन केला होता. आबा एसटीनं आले, नाना मोटरसायकलनं. आबा पुढच्या बाकावर बसले, नाना मागच्या. सरांनी मला बोलावणं पाठवलं नाही. वर्गात काय चाललंय ते मी व्हरांड्यात उभा राहून ऐकत होतो.

"पहिली तपासणी केलेला साक्षीदार हजर आहे का?" सरांनी विचारलं. पोरं दाराकडं बघायला लागली. "नसेल तर नसेल. कोर्ट त्याच्याशिवाय पुढं जाईल."

मी आत गेलो. खोक्यावर चढताना ते करकरलं, एक पोरगं फिसकन हसलं.

ऋतुजा वही बंद करून पुढं आली. तिचा आवाज पहिल्या प्रश्नाला कापत होता, नंतर नाही.

"नमुना तुमच्याकडं कुणी आणला?"

"आबांनी."

"कशात?"

"खताच्या गोणीत."

"कुठलं खत?"

"युरिया."

मागचा बाक वाजला. नाना उठून उभे राहिले होते. सरांनी हातानं बसायला सांगितलं.

"गोणीवर छापलेलं तुम्ही कधी वाचलंत?"

"उघडताना नाही. त्या संध्याकाळी. सगळे गेल्यावर हात धूत होतो, तेव्हा मोरीपाशी पडलेली दिसली. अक्षरं वर होती."

"म्हणजे आमच्या... म्हणजे तक्रार व्हायच्या आधी?"

"आदल्या संध्याकाळी."

तिनं ओठ आवळले. बापाकडं बघितलं, चुलत्याकडं बघितलं. "मग तुम्ही गप्प का राहिलात?"

सरांनी डस्टर आपटलं. "प्रश्न नामंजूर. का, हा आपला विषय नाही. साक्षीदार उतरू शकतात."

मला सोडवायला बघत होते. ज्यांची मी स्टाफरूममध्ये चेष्टा करायचो, ते स्वतःचं कोर्ट मोडून मला वाट करून देत होते. मी उतरलो असतो तर कुणी काही म्हणालं नसतं.

"उत्तर देतो," मी म्हणालो. "मी पोरांच्या देखत शंकाच नको म्हणून सांगितलं होतं. मागं घ्यायची लाज वाटली. वाटलं, खरंच युरिया निघेल. नाही निघाला तर सरकारी अहवालात येईलच, माझं नाव न येता. नंतर सरांनी विचारलं तेव्हाही मी खोटं बोललो. गोणी मी बघितली होती."

नाना बसल्या जागेवरून म्हणाले, "म्हंजी ह्यांची अब्रू ऱ्हावी म्हनून मी ठाण्यात बसलो व्हय?"

"हो," मी म्हणालो.

असं सरळ "हो" त्यांना अपेक्षित नसावं. त्यांचा राग माझ्यावरून घसरला आणि पुढच्या बाकावर जाऊन आदळला. "आन् तू रं? गोणी तर तूच भरली ना? का ती बी मीच भरली?"

"गोणी कोन बघतंय?" आबा मान न वळवता म्हणाले. "घरात सगळंच गोणीत असतंय. तुज्या लग्नाचा बुंदीचा घाना बी गोणीवरच उपसला व्हता, तवा खाल्लासच की."

सगळा वर्ग फुटला. ऋतुजानं टेबलावर हात मारला, "युवर ऑनर, प्रेक्षकांना गप्प करा!" पण ती स्वतः हसत होती आणि डोळे पुसत होती.

सर स्टुलावर ताठ बसले. "चाळीतल्या एकाही नमुन्यात युरिया सापडला नाही. आधीचा निकाल गोणीचा होता, कांद्याचा नव्हता. कांदा का सडला ते कृषी अधिकाऱ्यांना विचारा. एवढंच हे कोर्ट सांगू शकतं."

"लई झालं एवढं," नाना म्हणाले.

"कृषीवाला कवाच सांगून गेलाय," आबा अजून समोरच बघत होते. "ओला काढला आन् चाळीखाली गोण्या रचल्या, वारा कोंडला. मीच कुणाला सांगितलं न्हाई." मग ते उठले, मागच्या बाकापाशी गेले आणि उभेच राहिले. "उद्या ठाण्यात जातो. तक्रार मागं घेतो. आन् पोरीच्या त्या पाव्हन्यांकडं मी सोता जातो. मोडली ती माज्यामुळं, जोडनार बी मीच."

नानांनी लगेच मान हलवली नाही. पण बाकावर थोडं सरकून जागा केली.

पोरांनी टाळ्या वाजवल्या त्या ऋतुजासाठी. बाकं बडवली, शिट्ट्या मारल्या, कॉमर्सचा वर्ग दारात येऊन बघायला लागला. मी खोक्यावरच उभा होतो. सर स्टुलावरून उतरून माझ्यापाशी आले आणि उतरायला हात दिला. "पास," ते म्हणाले. "फक्त उशिरा आलात."

खाली पटांगणात नानांनी मोटरसायकलला किक मारली. आबा एसटी स्टँडच्या दिशेनं चालायला लागले होते.

"बस मागं," नाना ओरडले. "का माजी गाडी बी तपासून घ्यायचीय?"

आबा बसले. आम्ही सगळे वर व्हरांड्याच्या कठड्याला लागून उभे होतो. गाडी फाटकापर्यंत गेली आणि थांबली. नानांनी मान वर करून मला हाक मारली, साऱ्या कॉलेजला ऐकू जाईल अशी.

"ओ प्रोफेसर! माज्या चाळीतला कांदा चांगला हाय. ऐतवारी या न्यायला. पन पिशवी तुमची आना!"